पाव किलो कादंबरी

मावजीभाई पुस्तकाचं नाव बघत नाही.
तराजूत टाकतो, एक वजन चढवतो, एक उतरवतो,
म्हणतो, पाव किलोला जरासं कमी, बेन,
वीस द्या.
मुखपृष्ठ नाही, लेखक नाही,
पान सातपासून गोष्ट सुरू:
‘...आणि दार तर आतून बंद होतं.’

घेतली.

रात्रपाळी संपवून परळहून काळाचौकीपर्यंत चालताना
हातात असं काही असलं
की पाय दुखायचं विसरतात.
रक्तपेढीत रात्रभर मी लेबलं वाचते,
बी पॉझिटिव्ह, ओ निगेटिव्ह, तारीख, वेळ, सही.
तिथे एक अक्षर चुकून चालत नाही.
म्हणून असेल,
शाई फुटलेली, वाळवीनं चाखलेली,
कुणाच्या तरी चहात भिजून सुकलेली अक्षरं
मला फार जवळची वाटतात.

शनिवारी दोघी येतात.
ज्युडिथ डाबरे वसईहून, पिशवीत सुकेळी,
केळीच्या सोपट्यात बांधलेली, मधासारखी चिकट.
सुलोचना तांडेल हात हलवत.
दारातूनच ओरडते, मी भूक आणलीय!

मी उकड करते.
आंबट ताकात तांदळाचं पीठ, ठेचलेला लसूण,
मिरची मोडून, हिंग जरा सढळ.
गुठळी राहिली तर ती नेमकी सुलोचनालाच मिळते,
आणि ती ती ताटलीच्या कडेला काढून
पुराव्यासारखी ठेवते.
झाकणाखाली पातेलं पुटपुटतं.
मग वाढायची, मधे चमच्यानं खळगा,
खळग्यात कच्चं तेल.
पहिला घास जीभ भाजतो.
पन्नाशीला टेकलेल्या तीन बायका
दर शनिवारी तोंड उघडून हा हा करतात
आणि पुढच्या शनिवारी पुन्हा तेच.

खाणं झालं की मी वाचते, मोठ्यानं,
आठवड्याला दोन प्रकरणं.
वकिलाचा खून. संशयित तीन:
पुतण्या, सून, माळी.
ज्युडिथ डोळे मिटून ऐकते, चर्चमध्ये बसल्यासारखी.
सुलोचना मधेच विचारते,
त्या वकिलाच्या घरी सकाळी खायला काय करत असतील गं?

आठव्या शनिवारी, पान एकशे ब्याण्णव:
‘इन्स्पेक्टर उठले. त्यांनी बोट रोखलं ते’

आणि पुढे काहीच नाही.
शिलाईचा दोरा तेवढा लोंबतोय.

मावजीभाईनं शेवट वजनात धरला नव्हता.

माळी, सुलोचना म्हणाली, गरिबावरच येणार बघ.
ज्युडिथ म्हणाली, वकील मेलेलाच नाही,
देणेकऱ्यांना चुकवून वसईला राहतोय,
मी बघितलाय त्याला, बाजारात, वांगी निवडताना.
भांडलो. तीनदा चहा झाला.
उकडीवर साय धरली.
सुलोचना बोलता बोलता चटईवर आडवी झाली,
माळ्याची बाजू अर्धी मांडून, पाय उन्हात,
आणि घोरायला लागली.
आम्ही दोघींनी तिच्या वाट्याची सुकेळी खाल्ली.

एप्रिलमध्ये दादरच्या एका ग्रंथालयात
तीच कादंबरी दिसली. अख्खी. मुखपृष्ठासकट.
उभ्याउभ्याच शेवटची सोळा पानं वाचली.
सून. कारण दागिने.
संपलं, इतकंच.
इतका फुसका शेवट, की मी पुस्तक
दोन जाड शब्दकोशांच्या मागे सरकवून आले.
ग्रंथपालबाई बघत होत्या. बघू देत.

त्या शनिवारी ज्युडिथकडे नवा पुरावा होता:
चौथ्या प्रकरणात भिंतीवरचं घड्याळ बंद आहे
आणि पाचव्यात टोले पडतात.
बघ ना, किल्ली कोणी दिली? मेलेल्या माणसानं?

माझं नाव रक्ताच्या पिशव्यांवर सहीला असतं.
मी म्हणाले, शक्य आहे.

सुलोचनाचं लक्षच नव्हतं.
तिनं पातेलं तिरकं करून मांडीत घेतलं होतं,
तळाची खरपूस खरवड
ती एकटीच काढत होती, चोरासारखी, आवाज न करता.
आम्ही तिला रंगेहाथ पकडलं.