कानातली रुई

जिनाच्या गेटावर खडूनं लिहिलं होतं :
पाच बँड. दीडशे रुपये. गाड्या वजनकाट्याजवळ.
खाली, दुसऱ्याच हातानं : पिऊन येऊ नये.
पिऊन आलेला एक भाऊ ते मोठ्यानं वाचत होता,
शाळेत धडा वाचावा तसं.

आम्ही तिघं एका पल्सरवर. तिवसा ते आर्वी,
हरभरा सोंगून झालेला, रस्ताभर कुटार.
जुबेर पुढं, मध्ये मी, मागं सुगत,
त्याच्या टी-शर्टावर कवटी, मांडीवर पुऱ्यांचा डबा.
वर्धेच्या पुलावर तो ओरडून पाहायला लागला, सराव म्हणून,
खाली गोधडी धुणाऱ्या बाईनं मान वर केली :
काय झालं रे बापू, पडलं का कोणी?

आत टिनाचं शेड. यंत्रं भंगारात गेलेली,
भिंतींना कितीतरी हंगामांची रुई,
जाळ्यांत गुंतून करडी झालेली.
पहिला बँड चंद्रपूरचा, नाव राखड.
एकच तार छेडली त्यांनी
आणि वरच्या पत्र्यावरून
सगळी धूळ एकदम खाली आली.
कान जातीन बे, म्हणत जुबेरनं
भिंतीवरून चिमूटभर रुई ओढली
आणि आमच्या कानांत कोंबली, सरकीसकट.

मग धुरा. मग मूठमाती.
मूठमातीचा गाणारा दिवसा गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर,
त्याच्या घशातून जे निघालं ते
मी एकदाच ऐकलं होतं, विहिरीत पडलेल्या गोऱ्ह्याकडून.
समोर माणसांचा गोल फिरू लागला,
खांदे, कोपरं, एक चप्पल हवेत,
मी पडलो.
आता तुडवतात, वाटलं. खरंच वाटलं.
तर काखेत चार हात, घामट, अनोळखी,
एकानं चष्मा दिला, एक म्हणाला, लागलं नाही ना लेका?
आणि लगेच धक्का मारला मला.

लोकेश आला तेव्हा चौथ्याची तयारी चाललेली.
पांढरा शर्ट, कपाळावर टिळा,
थेट पोरगी पाहून आलेला.
काय झालं बे?
छंद विचारला तिनं. मी म्हणलं, आरडाओरड.
मंग?
हासली. वाटते जमन.
आणि तो टिळ्यासकट गोलात घुसला.

तेवढ्यात डीपी उडाली.
अंधार. हजारभर श्वास.
कोणी शिव्या दिल्या नाहीत, नवल आहे.
कोणीतरी पत्र्याच्या भिंतीवर थाप मारली,
मग दुसऱ्यानं, मग सगळ्यांनी,
मीही दोन्ही तळव्यांनी,
तोवर, जोवर लग्नाच्या डेकोरेशनवाल्याचं जनरेटर
खोकत खोकत सुरू झालं.

शेवटच्या बँडचं नाव वाचता येईना,
बाभळीच्या काट्यांनी लिहिल्यासारखं.
मी पाणी प्यायला मागं आलो, तिथं लोणारे काका,
जिनाचे जुने फिटर, आता चौकीदार.
तीस वर्षं रेच्यांजवळ उभं राहून कान गेलेले.
डोळे मिटून त्यांनी लोखंडी खांबाला तळवा लावलेला.
ड्रमवाल्याचे दोन्ही पाय धडाधडा चाललेले,
काका खांबालाच कान असल्यासारखे वाकून म्हणाले :
मशीन चांगली हाय यायची.
पट्टा जरासा सैल झाला.
नंतर सुगत शपथेवर सांगत होता,
ड्रमवाला खरंच मागं पडत होता.

परत येताना पुलावर कोणी ओरडलं नाही.
पुऱ्या तशाच राहिलेल्या, त्या थांबून खाल्ल्या,
थंड, तेलकट, चौघांत अकरा.
खाली नदी होती की नाही, कळलं नाही.

सकाळी आईनं मला धरून खिडकीशी नेलं,
केसांच्या पिननं कानातून काळपट बोंडूक काढलं,
सरकी निघाली, ती तिनं दारातून भिरकावली.
दुसऱ्या कानाला पिन लावत
ओठ हलवून काहीतरी विचारलं.

मी म्हणालो, काय?