ब्रेक

कपॅसिटर बदलला, तरी स्पिनर नुसता हुं हुं करतो,
चादरी निघतात निथळत.
खणभागातल्या आमच्या जिन्याखाली
दिलावर मुजावर मशीन आडवी करतात.
आतून पडतं: ब्लाउजचा हूक, चार आणे,
आणि मूठभर गाळ.
पुराचा.
सगळं धुतलं होतं की आम्ही, दोनदोनदा.

हाताने फिरवून बघतात. अडतं.
"ब्रेकची तार सैल पडलीय, वहिनी.
तुम्ही झाकण लावताय,
पण हिला वाटतंय, उघडंच आहे अजून.
म्हणून धरून बसलीय."

पकडीने तार अर्धं बोट ओढली, झालं.
साडेतीनशे. चहा नको म्हणाले, मिरजेला जायचंय.

आता फिरते तेव्हा जिन्याचा कठडा वाजतो.
गाळ पुदिन्याच्या कुंडीत घातला.
चार आणे तसेच,
खिडकीत.