बिनदुधाची बरणी

पहाटे सव्वापाचला मी शटर उचलते.
भालोदमधलं निम्मं दूध माझ्या हातांवरून जातं.
फेगडेआबांची मुऱ्हा म्हैस, फॅट साडेसात.
सिंधूबाईची गाय, साडेतीन, आज पाणी नाही.
किटल्या, कॅन, कडीचे डबे,
बोटांना साय, पदराला वास,
मशीन टर्रर करून पावत्या ओकतं.
मग मागच्या दाराशी मी हात धुते
कोपरापर्यंत, दोनदा, साबण लावून,
आणि मगच घरात जाते.

घरात लोकेश झोपलेला असतो.
त्याला दूध चालत नाही.

दहा महिन्यांचा होता. चमचाभर खीर.
ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या,
मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये त्याला धरून
भुसावळपर्यंत मी श्वास मोजत गेले,
आता लिटर मोजते तसे.
"बाप्पा! डेअरीवालीचा पोऱ्या आन् दूध पेत नाई?"
सिंधूबाई अजून म्हणते, दर हिवाळ्यात एकदा.
मनात काही नसतं तिच्या.

थंडी मात्र कुणाला सोडत नाही.
सातपुड्यावरून वारा उतरला
की केळीच्या पानांना चरका बसतो, कडा करपतात.
त्याच्या वर्गातली पोरं चॉकलेटचं दूध पिऊन येतात,
मिशा तशाच ठेवून.
यानं मला फक्त मिशीबद्दल विचारलं.

कोको भुसावळहून आणला, केकच्या सामानाच्या दुकानातून.
पहिलं पाकीट परत केलं. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत:
दुधाचे अंश असू शकतात.
दुकानदार म्हणाला, असू शकतात म्हणजे असतातच असं नाही, ताई.
मी म्हटलं, दादा, मी फॅट मोजते.
अंश म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे.

कच्ची केळी आमच्याच बागेतली,
व्यापाऱ्यानं डावललेल्या घडाची.
पातळ काप, गच्चीवर चार उन्हं.
खोबरं किसून नुसतं कोमट केलं, रंग बदलू दिला नाही,
तरी पहिल्या खेपेला मिक्सर जास्त फिरला,
खोबऱ्यानं तेल सोडलं, सगळा लगदा.
तो लीलाधरनं पोळीशी खाल्ला.
"चटणी गोड झालीय," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या खेपेला साखर सोबत घातली.
बटण दाबायचं, सोडायचं, दाबायचं, सोडायचं.
दोन वाट्या खोबरं, दीड साखर, एक कोको,
केळ्याची पूड अर्धी,
नखभर सुंठ, चिमूटभर मीठ.
चाळणी नवी, बरणी नवी,
चमच्याला लाल दोरा, म्हणजे चुकून कुणी
चहाच्या पातेल्यात बुडवायला नको.

आज सकाळी उकळत्या पाण्यात तीन चमचे.
रवी हातात घेतली आणि ठेवून दिली. ती ताकाची.
काट्यानंच घोटलं.
केळ्यानं दाटपणा आला,
वर खोबऱ्याच्या तेलाचे डोळे तरंगले,
खरं सांगते, दिसायला फार काही नव्हतं.

कप घेऊन तो सेंटरच्या उंबऱ्यापर्यंत आला.
त्याच्या पुढे यायला त्याला बंदी आहे.
रांगेत बारा जण, किटल्या खाली ठेवून.
"आई, माझं फॅट काढ."

मशीनमध्ये कसं घालू?
एक जुनी पावती उलटी केली, हातानं लिहिलं:
लोकेश लीलाधर भारंबे.
माप एक कप. फॅट भरपूर.
जनावर या रकान्यात रेघ मारली.
दरापाशी पेन अडलं,
तर आबा रांगेतून ओरडले,
"लावा ना जास्तीचा! थंडी काय म्हणतेय बघा!"

त्यानं पावती खिशात घातली, कप तोंडाला लावला
आणि मान वर केली,
तेव्हा ओठावर तपकिरी, जाड, चांगली ठसठशीत.
माझा हात सवयीनं पदराकडे गेला.
पदराला दूध.
तो एक पाऊल मागे सरला.
"पुसू नको," म्हणाला,
"शाळेत जायचंय."