रीळ बदलताना

तालमीला हॉल मिळेना. मग सांगलीच्या मार्केट यार्डात
हळदीचं एक रिकामं गोदाम मिळालं, भाडं जुजबी.
पहिल्याच आलापीला कोरसमधले सात जण शिंकले.
सुहृद काणे म्हणाला, असू दे, शिंका तालात बसवू.
तो पुण्याहून येतो, त्याला सगळंच ठेवून घ्यावंसं वाटतं.

माझ्याकडे पायपेटी.
मिरजेहून टेम्पोत घालून आणलेली,
भात्याला नवं चामडं, दोन सूर अजून रुसलेले.

मूळ सिनेमात कुणी फारसं बोलतच नाही.
काळापांढरा, हरिपुरातला,
नदीकाठची पेवं, जमिनीच्या पोटात हळद.
तोलाईवाला अख्ख्या सिनेमात दोनदा 'हं' म्हणतो.
आमच्याकडे त्यालाच अकरा मिनिटं गायचंय,
कारण ऑपेरा म्हणजे, सुहृद सांगतो,
नुसतं बोलणं नाहीच. चहा मागायचा तोही सुरात.
'म्हणजे संगीत नाटकच की,' शिवलिंग कोष्टी म्हणाला.
'नाही. नाटकात गाणं मध्येच संपतं.'

सिनेमात सौदा रुमालाखाली होतो, बोटांनी.
आम्ही 'बारा हजार तीनश्शे' बत्तीस मात्रांत म्हणत होतो.
शेजारच्या गाळ्यातले हमाल दारात येऊन उभे.
एक जण म्हणाला, मास्तर,
एवढ्यात माझा ट्रक कराडला पोचतो.
त्याला आत घेतलं. आता दर तोच पुकारतो
आणि लिहून दिलेलं काही म्हणत नाही.

पण घोडं अडलं ते पेवापाशी.

पेव उघडलं की थांबायचं असतं.
आतली जुनी हवा निघून जाऊ द्यायची,
कंदील सोडून बघायचा, विझतो का.
सिनेमातला तो घाई करतो.
ती वर, हातात दोर.
दोर सैल पडतो.
आणि मग पडदाभर तिचा चेहरा,
एक मिनिट चाळीस सेकंद, संगीत नाही.

शाळेत 'पेव फुटणे' वाक्यात उपयोग करून आणला होता,
पेव कोंडणे कुणी विचारलं नाही.

विसाव्या रांगेतून वृंदा मगदूमचा चेहरा
हळकुंडाएवढा दिसणार.
म्हणून सुहृदनं त्या जागी चार पानं लिहिली.
वृंदानं ती गायली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
ती दोर तसाच धरून म्हणाली,
'फार छान झालं ना? तेच खटकतंय.'

तेव्हा दस्तगीर मुजावरांना आणलं,
ज्यांनी तो सिनेमा अकरा आठवडे चालवला होता.
चाचा, तो चेहरा कसा होता?
'पाहिलाय कुणी? तिथंच रीळ संपायचं.
मी उजवा वरचा कोपरा बघत असायचो,
ठिपका आला की दुसरं मशीन सुरू.
चेहरा मधोमध होता म्हणतात.'
बिडी काढली, गोदाम आठवून परत खिशात ठेवली.
'ऐकू मात्र यायचं.
आधी पंखे. मग खुर्च्या.
मग बाल्कनीतून एखादं पोर विचारायचं, आता?
त्याला कुणी गप्प बस म्हणत नसे.'

त्या रात्री सुहृदनं चार पानं फाडली नाहीत,
उलटी करून माझ्या पेटीवर ठेवली.
पाठकोऱ्या बाजूला पेन्सिलीनं एवढंच: हवा.

पहिला प्रयोग. थिएटर पाऊण भरलेलं.
दोर सैल पडला.
सुहृदचा हात वर गेला तो खाली आलाच नाही.
मी एकही पट्टी न दाबता
दोन्ही पायांनी भाता मारत राहिलो.
चामडं फुगत होतं, उसासत होतं,
दोरातली हळद दिव्याच्या झोतात तरंगत होती,
मागे कुणीतरी शिंक दाबली,
एफ रांगेत एक खुर्ची करकरली.
वृंदा काय करत होती, मला सांगता येणार नाही,
माझी तिच्याकडे पाठ.

मला फक्त चाचा दिसत होते, पहिल्या रांगेत, कडेला.
मान किंचित उचललेली,
रंगमंचाच्या उजव्या वरच्या कोपऱ्याकडे,
जिथे नुसता काळा पडदा होता,
पापणी न लवता बघत.