चार वेळा हिरवा

लाल दिवा लागतो. म्हणजे वीज आहे.
वीज आहे म्हणजे अर्धं भांडण मिटलं,
असं मी मंगळवारपासून स्वतःला समजावतेय.

धायरीत, आमच्या इमारतीच्या पंपघरात,
पत्त्यांच्या कॅटएवढा हा बोर्ड
टाकीत पाणी किती ते सांगायचा
आणि त्यावर ठरायचं, टँकर बोलवायचा की नाही.
आता गप्प.

चार्जर बदलला. केबल बदलली.
तापकीर गल्लीतून नवं कार्ड आणलं.
"ओरिजिनल आहे मॅडम," दुकानदार म्हणाला,
मी विचारलंही नव्हतं.
नखाएवढं कार्ड ओढणीने पुसलं, फुंकलं,
लॅपटॉपवरून भरलं, आत सरकवलं.
स्क्रीन काळीच. त्यात माझा चष्मा.

रात्री साडेअकराला फडतरे वहिनींचा फोन:
"वृंदा, उद्या आंघोळीचं काय, तेवढं सांग."

फोन ठेवताना नजर गेली.
कोपऱ्यातला हिरवा दिवा
चार वेळा लुकलुकतो. थांबतो.
पुन्हा चार.
तीन दिवस मी याला बिघाड म्हणत होते,
हा तर मोजून तक्रार करत होता.

तक्ता काढला. चार म्हणजे:
कार्ड दिसतंय, सुरुवात सापडत नाही.

आणि मग कपाळावर हात.
मी आख्खी फाइल होती तशी, बांधलेलीच,
कार्डावर नेऊन ठेवली होती.
बी पेरलं, पण पिशवीसकट.

गाठ सोडून नीट लिहायला घेतलं तर पट्टी
अकरा टक्क्यांवर अडून बसली.
तेवढ्यात वॉचमन झुंबर उठला,
काळ्या टाकीवर वरून खाली टिचक्या मारत गेला.
"हितं पोकळ. हितं पोकळ. हितं भरीव.
अर्ध्याला चार बोटं कमी, ताई."
मी मान हलवली, अडाण्याला हलवतात तशी.

पाऊण वाजता कार्ड घातलं.
हिरवा दिवा वेडावाकडा, मनाला येईल तसा लुकलुकला,
आणि पांढऱ्या ओळी धावल्या, कुणी वाचो न वाचो.
पाणी: ४६ टक्के.

झुंबरने आकडा मला मोठ्याने वाचायला लावला.
दुसऱ्यांदाही.

टँकर सांगितला. वहिनींना कळवलं.
मग बोर्डाच्या डब्यावर खडूने लिहिलं:
हा बोलत नसेल तर टाकी वाजवून पाहावी.
खाली झुंबरचा मोबाइल नंबर.