उसनी ऊब

व्होरूच्या पलीकडे, जिथं एप्रिलातही
तळ्याच्या काठाला बर्फ खरवडीसारखा चिकटून असतो,
तिथं आमच्या बाईंनी, लेइली कांग्रोंनी,
बादलीतून बेडकाची अंडी आणली.
भिजल्या साबुदाण्यासारखी, प्रत्येकात एक काळा ठिपका.

दोन बरण्या केल्या.
एक वर्गातल्या शेगडीशेजारी, फळीवर.
एक तळघरात, बटाट्यांच्या पोत्यांमागे.
फळीवर वीस अंश. तळघरात आठ.
वहीत रोज लिहायचं, मी आणि हिल्येनं.

फळीवरचे सहाव्या दिवशी सुटले.
नुसती वळवळ, उकडलेल्या पाल्यावर झुंबड.
तळघरातला ठिपका जेमतेम लांबला होता,
स्वल्पविरामाएवढा.

त्याच महिन्यात माझा भाऊ
सातव्यातच आला.
टार्टूच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत होता.
आई तिथंच. बाबा रविवारी जाऊन येत
आणि बूट न काढता बसून राहत.

मी बाईंना विचारलं,
पेटीची आच वाढवता येणार नाही का?
दोन अंश. निदान एक.
म्हणजे लवकर होईल तो पुरा.

बाई पाला निवडत राहिल्या.
मग म्हणाल्या, बेडकाचं रक्त थंड नसतं गं,
त्याची ऊब उसनी असते.
तळं देईल तेवढीच. आणि तिच्यावरच
त्याचे दिवस धावतात, नाहीतर रांगतात.
तुझ्या भावाची चूल त्याच्या आत आहे.
लहान आहे, इतकंच.
पेटी आहे ती फुंकर कमी पडू नये म्हणून.
दिवस मात्र त्याचे त्यालाच भरायचेत.

मला पटलं नाही.
तळघराच्या रकान्यात मी आठाच्या जागी
नऊ लिहिलं. सलग तीन दिवस.
बाईंनी पाहिलं. खोडलं नाही.

फळीवरचे जूनमध्ये बेडूक झाले,
करंगळीच्या नखाएवढे,
बरणीच्या काठावर बसले आणि गेले गवतात.
तळघर बाराच्या वर कधी चढलंच नाही.
तिथले निघाले पार ऑगस्ट सरताना,
अंगानं चांगले दांडगे.
हिल्ये म्हणाली, आपण मोजण्यात चुकलो असणार.

पण ते नंतर.
जूनमध्ये भाऊ घरी आला. ऊकु.
मी तळघरातूनच धावत आले होते,
बोटं गारठलेली. तशीच त्याच्या तळव्याला लावली.
त्यानं पाय आखडून घेतला
आणि असा रडला की कानापर्यंत लाल.

थर्मामीटर खिशात होता.
काढला नाही.