डावं दार

किल्ली फिरवली की उजवं दार बोलतं: टक.
डावं गप्प.
रात्री दोनला मात्र, कुणी हात लावलेला नसताना,
उजवं एकटंच टकटक करत बसतं
आणि वॉचमन लोखंडे सकाळी मला गाठून सांगतो,
"साहेब, गुप्तेसाहेबांची गाडी झोपत नाही."

एरंडवण्यातलं पार्किंग. वरून टाकीचा पाइप ठिबकतो.
सत्त्याण्णव सालची गाडी, दोन दारं, दोनच माणसांची सोय,
लेस्टरहून परतताना उपेंद्रने बोटीत घालून आणलेली.
तेव्हा सगळी सोसायटी खाली उतरली होती,
आणि प्रधानांनी एकच प्रश्न विचारला होता:
"भाजी कुठे ठेवणार?"

रविवारी सांगलीचं गिऱ्हाईक येणार आहे.
कुंदावहिनी म्हणाल्या, "तेवढं कुलपाचं बघा.
बाकी जे आहे ते सांगून टाकीन मी."

रास्ता पेठेतला बागवान म्हणाला होता, मोटर गेली, नऊ हजार.
मी अडतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये रिले ऐकलेत.
मेलेली मोटर आणि न पोचलेला निरोप,
फरक कानाला कळतो.

फ्यूज ठीक. निळा, पंधराचा.
रिले ठीक. डॅशबोर्डखाली डोकं घालून ऐकला,
जुन्या सहकाऱ्यासारखा खाकरला.
दाराचं पॅड काढलं, अकरांतल्या चार क्लिपा तुटल्या,
त्या तुटतातच.
आत वाळून खडा झालेलं ग्रीस
आणि पन्नास पैशांचं एक नाणं.
मोटरला थेट बारा व्होल्ट दिले. दांडा ताडकन खाली.
बागवान, नऊ हजार!

मग टेस्टलॅम्प लावून दार हळूहळू हलवलं.
अर्धं उघडं: दिवा लागला.
सताड उघडं: विझला.
मिटत आणलं: लुकलुकला, विचारात पडल्यासारखा.

बिजागरीपाशी रबराची नळी असते, चुण्याचुण्यांची.
तिच्यात आठ वायरी.
हिरवी, पांढऱ्या रेघेची, बाहेरून अगदी धड.
चिमटीत धरली तर नको तितकी सहज वाकली.
प्लास्टिक शाबूत, आत तांबं तुटलेलं.
उघडमिटीने. दुसरं काही कारण नाही.
रात्री गार पडलं की एक टोक कुठेतरी टेकत असणार;
लोखंडेला सांगायला हवं.

वहिनी चहा घेऊन आल्या. वायर दाखवली.
"किती दिवस असेल असं?"
तांब्यावर हिरवट किटण होतं. म्हटलं, "दहा-बारा वर्षं."

"दहा-बारा वर्षं," त्या म्हणाल्या,
"हे आधी आत बसायचे, मग माझ्या बाजूला झुकून
आतून दार उघडायचे.
भर उन्हात, नळस्टॉपला, मागून हॉर्न वाजत असताना.
मी सगळ्या बहिणींना सांगितलं होतं,
बघा, विलायतेत राहून काय शिकून आले."

मी सोल्डरिंगची पिन फुंकत राहिलो.

"म्हणजे बिघाड होता!"
आणि इतक्या हसल्या की कपातला चहा बशीत आला.
मग बशीतूनच प्यायल्या.

हा मल्टीमीटर उपेंद्रचा. पक्कडही त्याचीच,
मुठीला त्यानेच गुंडाळलेली टेप.
ठिबकती तोटी त्याने कधी रात्रभर टिकू दिली नाही.
त्याला ही वायर सापडली नसेल?
हे मी बोललो नाही. तोंडाशी आलं होतं,
पण तोंडात टेप होती.

चार इंच नवी वायर, जरा ढिली सोडून,
दाराला हलायला जागा लागते.
उजव्या लॅचला पांढरं ग्रीस.
पॅड बसवलं, चार क्लिपांच्या जागी आपले स्क्रू.
नाणं वहिनींना दिलं.
किल्ली फिरवली.

टक, टक.
एकदम नाही. डावं केसभर मागून.

"हे उशिराचं जाईल का?"
"नाही. तेवढं राहील."
त्यांनी किल्ली माझ्या हातातून घेतली,
दोनदा फिरवून ऐकलं.
"राहू दे," म्हणाल्या.
"सांगलीवाल्याला बोलू नका."